जॉन वेनने दीड तासात उरकलेला अमेरिकेचा इतिहास

मागच्या वर्षी न्यू जर्सीला मामेभावाकडे गेलो होतो, तिथं शेजारच्या गल्लीत एकाने घरासमोर गराज सेल मांडलेला. जुने टोस्टर, पोरांच्या सायकली, पुस्तकांचे खोके आणि एका खोक्यात एक डॉलरला एक अशा डीव्हीडी. त्यातली एक उचलली कारण कव्हरवर जॉन वेन होता, म्हटलं काउबॉय पिक्चर असेल, रात्री जेवणं झाल्यावर लावू. लावला तर पिक्चर नव्हताच, टीव्हीचा जुना कार्यक्रम निघाला. एक माणूस हॅट घालून अमेरिकेचा इतिहास सांगतोय, मध्येच गाणी, मध्येच चुटके, आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी नवा माणूस विग घालून येतोय आणि जातोय. भाऊ वीस वर्षं तिथं राहतो, त्यालाही अर्धे जोक कळले नाहीत, मला तर एकही नाही. मग मी नाद लागल्यासारखं त्याच्या मागे लागलो, आणि जे कळलं ते इथं मांडतोय, कारण एकदा किल्ली सापडली की हा कार्यक्रम जाम इंटरेस्टिंग आहे, फक्त तो बनवणाऱ्यांना अपेक्षित होतं त्या कारणांसाठी नाही.

तर आधी हे आहे काय. नाव 'स्विंग आउट, स्वीट लँड'. २९ नोव्हेंबर १९७०, रविवारची रात्र, एनबीसी चॅनल, जाहिराती धरून दीड तास, आणि प्रायोजक बडवायझर बिअरवाली कंपनी. नावातच एक कोटी आहे. अमेरिकेतली पोरं शाळेत एक देशभक्तीपर गाणं म्हणतात, त्यात देशाला 'स्वीट लँड ऑफ लिबर्टी' म्हटलंय, त्यातलं 'स्वीट लँड' घेतलं आणि पुढे नाचगाण्याचा 'स्विंग' जोडला. म्हणजे प्रार्थनेच्या ओळीला ढोलकी बांधली असं समजा. सूत्रधार जॉन वेन, वय ६३, त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याला आयुष्यातलं पहिलं ऑस्कर मिळालेलं. आणि पाहुणे म्हणाल तर बॉब होप, डीन मार्टिन, बिंग क्रॉस्बी, ल्युसिल बॉल, जॅक बेनी, जॉनी कॅश, ॲन-मार्ग्रेट, विल्यम शॅटनर... त्या काळच्या अमेरिकेत घराघरात माहीत असलेला जवळपास प्रत्येक चेहरा.

या प्रकाराला तिकडे व्हरायटी स्पेशल म्हणायचे. व्हरायटी म्हणजे गाणं, नाच, विनोद, छोटी प्रहसनं सगळं एका माळेत, आणि स्पेशल म्हणजे रोजची मालिका बाजूला ठेवून एका रात्रीपुरता केलेला मोठा घाट. आपल्या माणसाला हे समजावणं खरं तर सोपं आहे. तमाशाचा वग बघितलाय ना? राजा सिंहासनावर बसलाय, प्रधान मुजरा करतोय, गोष्ट कुठल्यातरी जुन्या नगरीची, आणि मध्येच सोंगाड्या येऊन गावच्या सरपंचावर किंवा एसटीच्या गाडीवर टोमणा मारून जातो. कोणी उठून विचारत नाही की अरे त्या काळात एसटी कुठून आली. गंमतच ती असते. इथंही तेच. वेन गंभीर आवाजात काळ सांगतो, प्रसंग सांगतो, आणि त्या प्रसंगात आजचा सोंगाड्या शिरतो.

पण सोंगाड्या कोण हे माहीत नसेल तर वग कळत नाही, आणि आमची पंचाईत तीच झाली होती. जॅक बेनी हा माणूस रेडिओच्या जमान्यापासून एका गोष्टीवर पोट भरत होता, त्याचं पात्र भयंकर चिक्कू. त्याचा सगळ्यात गाजलेला रेडिओवरचा जोक असा की लुटारू पिस्तूल लावून विचारतो पैसे देतोस की जीव, आणि हा गप्प. लुटारू परत दरडावतो, तेव्हा हा वैतागून म्हणतो, विचार करतोय ना! आता पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्याबद्दल अमेरिकेत एक दंतकथा आहे की त्याने चांदीचा डॉलर नदीपलीकडे फेकला. (खोटी आहे. अमेरिकेचा चांदीचा डॉलर पहिल्यांदा पाडला गेला १७९४ मध्ये, तेव्हा वॉशिंग्टन ६२ वर्षांचा राष्ट्राध्यक्ष होता, नदीकाठी नाणी फेकत बसायचं वय नव्हतं.) तर कार्यक्रमात तो डॉलर पलीकडे कोणाला सापडतो? जॅक बेनीला. बस. जोक संपला. बेनीचा चेहरा दिसला की प्रेक्षक हसायला लागतो, लेखकाला काही करायचं उरतच नाही.

तसंच बॉब होप. हा १९६४ पासून दर ख्रिसमसला व्हिएतनाममध्ये सैनिकांसमोर जाऊन विनोद करायचा आणि ते शूटिंग नंतर याच एनबीसीवर लागायचं. म्हणून इथं त्याला पाठवलाय व्हॅली फोर्जला, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धात १७७७-७८ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनचं सैन्य जिथं तळ ठोकून होतं तिथं. तिथली खरी गोष्ट अशी की साधारण १२,००० सैनिक होते, कपडे धड नाहीत, बूट नाहीत, आणि त्यातले जवळपास २,००० रोगराईने गेले. लढाई न होता गेले. त्या छावणीत होप उभा राहून नेहमीसारखे चुटके मारतो. विमान पहिल्यांदा उडवणारे राइट बंधू कोण, तर रोवन आणि मार्टिन, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात हिट विनोदी कार्यक्रमाची जोडगोळी. जॉर्ज वॉशिंग्टन कोण, तर लॉर्न ग्रीन, 'बोनान्झा' या काउबॉय मालिकेतला धीरगंभीर बाप, जो दर रविवारी रात्री याच चॅनलवर दिसायचा. म्हणजे प्रेक्षकाने इतिहास ओळखायची गरजच नाही, त्याने टीव्ही ओळखला की पुरे.

आता मुख्य मुद्दा, की हे सगळं १९७० मध्येच का. कारण त्या वर्षी व्हिएतनाम युद्धावरून अमेरिका घराघरात भांडत होती, आणि हे मी अलंकारिक बोलत नाहीये. १ डिसेंबर १९६९ ला टीव्हीवर लाइव्ह चिठ्ठ्या काढून कोणत्या तारखेला जन्मलेली पोरं आधी सैन्यात जाणार ते ठरवलं गेलं, विचार करा, आपल्या पोराचा वाढदिवस काचेच्या भांड्यातून बाहेर येतोय आणि आपण सोफ्यावर बसून बघतोय. ४ मे १९७० ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी युद्धविरोधी निदर्शनांवर १३ सेकंदात ६७ गोळ्या झाडल्या, ४ विद्यार्थी मेले. त्यानंतर चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये पिवळी हेल्मेट घातलेल्या बांधकाम कामगारांनी झेंडे हातात घेऊन निदर्शक पोरांना बडवलं. एकाच देशाचा झेंडा, एक बाजू तो जाळते आणि दुसरी त्याच्याच काठीने मारते.

आणि जॉन वेन यात तटस्थ अजिबात नव्हता. त्याने १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या बाजूने अख्खा सिनेमा काढलेला. (स्वतः तो कधीच सैन्यात नव्हता, दुसऱ्या महायुद्धातही गेला नाही, पण पडद्यावर इतक्या वेळा युनिफॉर्म घातला की लोकांना तो सैनिकच वाटायचा.) निर्माता पॉल कीज, तो राष्ट्राध्यक्ष निक्सनचा मित्र आणि त्याला विनोद लिहून देणारा माणूस. म्हणजे वाटेल की हा सरळ सरळ एका बाजूचा प्रचार असणार.

तर तसं नाही, आणि इथंच या मंडळींची हुशारी आहे. पाहुण्यांच्या यादीत टॉम स्मदर्स आहे. हा कोण? हा आणि याचा भाऊ, दोघांचा सीबीएसवर शो होता, त्यात ते युद्धाची टिंगल करायचे, चॅनलने त्यांची एकेक गोष्ट कापायला सुरुवात केली, लोकगायक पीट सीगरचं युद्धविरोधी गाणं १९६७ मध्ये कापलं आणि पुढच्या वर्षी बोंबाबोंब झाल्यावर लावलं, आणि शेवटी एप्रिल १९६९ मध्ये शोच बंद केला. अशा माणसाला वेनच्या कार्यक्रमात बोलावणं म्हणजे घरात कडाक्याचं भांडण चालू असताना रुसलेल्या धाकट्याला मुद्दाम फॅमिली फोटोत उभा करणं. जॉनी कॅशही तसाच. एप्रिल १९७० मध्ये व्हाइट हाउसमध्ये निक्सनसमोर गायला गेला, निक्सनकडून आलेली फर्माईश बाजूला ठेवली आणि तरुणांची बाजू घेणारं स्वतःचं गाणं गायला. तर हे दोघंही इथं आहेत. बोलत मात्र काही नाहीत. म्हणजे बोलतात, गातात, पण ज्या गोष्टीसाठी ते प्रसिद्ध किंवा बदनाम होते ती गोष्ट सोडून.

यामागे साधा बाजार होता. तीन मोठी नेटवर्क, एनबीसी, सीबीएस, एबीसी, आणि टीव्ही असलेली साधारण ६ कोटी घरं. आज जसं प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मताचं चॅनल मिळतं तसं तेव्हा नव्हतं, एका घरात एक टीव्ही, समोर आजोबा, बाप, कॉलेजातून केस वाढवून आलेला पोरगा, सगळे एकत्र. कोणीही रागावून उठला तर बिअरची जाहिरात वाया. त्यामुळे प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आपला पण कोणीतरी आहे यात, आणि कोणालाही असं वाटता कामा नये की हे आपल्या विरोधात आहे. असं करायचं असेल तर इतिहासातली जी जागा दुखते तिथं जायचं नाही, किंवा जायचं तर विनोद करून पटकन पलीकडे उडी मारायची. एकदा हे लक्षात आलं की कार्यक्रम उलटा बघता येतो: जिथं जोक जास्त घाईचा, तिथं खाली काहीतरी गाडलेलं आहे.

मॅनहॅटनचंच घ्या. १६२६ मध्ये डच लोकांनी मॅनहॅटन बेट तिथल्या लेनापे लोकांकडून ६० गिल्डरच्या मालाच्या बदल्यात घेतलं असं एका डच पत्रात लिहिलंय, आणि एकोणिसाव्या शतकात कोणीतरी हिशोब करून त्याचे २४ डॉलर केले, तोच आकडा पुढे शाळेच्या पुस्तकात गेला. लेनापेंच्या डोक्यात जमीन कायमची विकणं ही कल्पना होती का यावरच मोठा वाद आहे. कार्यक्रमात डच अधिकारी पीटर मिन्युट झालाय मायकेल लँडन आणि समोरचा मूळ निवासी झालाय डॅन ब्लॉकर, दोघंही त्याच बोनान्झातले, पडद्यावरचे सावत्र भाऊ. घासाघीस, थट्टा, व्यवहार पक्का, पुढे चला. आता बाहेर काय चाललं होतं बघा. नोव्हेंबर १९६९ पासून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावर मूळ निवासी तरुणांनी ताबा मिळवलेला, आणि त्यांनी सरकारला जाहीर ऑफर दिली होती की आम्ही हे बेट रीतसर विकत घेतो, किंमत २४ डॉलर, काचेचे मणी आणि लाल कापडाच्या रूपात, गोऱ्या माणसानेच तसा पायंडा पाडलाय म्हणून. कार्यक्रम लागला त्या रात्री ते अजून बेटावरच होते. आणि तीनच दिवस आधी, २६ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे गोऱ्यांच्या पहिल्या सुगीच्या आठवणीच्या सणाच्या दिवशी प्लिमथ गावात मूळ निवासींनी सणाऐवजी दुखवटा पाळलेला. म्हणजे एकच २४ डॉलरचा जोक एका आठवड्यात दोन ठिकाणी चालू होता, आणि माझ्या मते अल्काट्राझवाला जास्त चांगला लिहिलेला होता.

पण मला खरा धक्का बसला तो डीन मार्टिनच्या सीनला, आणि त्याचं कारण घरचं आहे. मी वऱ्हाडातला. आमच्या गावच्या टोकाला जिनिंग होतं, दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग, हवेत रुईचे तुकडे, खोकल्याने हैराण माणसं आणि पलीकडे सरकीचा डोंगर, त्यावर आम्ही पोरं घसरगुंडी खेळायचो आणि मार खायचो. जिनिंग हा शब्द आमच्यासाठी मराठीच, तो कुठून आला हे कधी डोक्यात आलंच नाही. तर 'जिन' हे 'इंजिन'चं तोंडातल्या तोंडात झालेलं लहान रूप. एली व्हिटनी नावाच्या माणसाने १७९३ मध्ये अमेरिकेत कापसातून सरकी वेगळी करायचं यंत्र बनवलं, ते कॉटन जिन. हाताने एक माणूस दिवसाला साधारण एक पौंड रुई साफ करायचा, या यंत्रावर ५० पौंडापर्यंत. आणि इंग्रजीत जिन म्हणजे दारू पण. डीन मार्टिनची इमेज काय, तर हातात ग्लास घेऊन डुलत गाणारा पिअक्कड. झालं, एली व्हिटनी म्हणून डीन मार्टिन. शब्दावरची एवढीशी कोटी.

आता त्या कोटीखाली काय आहे ते सांगतो. सरकी काढायला वेळ लागायचा म्हणून अमेरिकेत आखूड धाग्याचा कापूस परवडत नव्हता. यंत्र आलं आणि तो परवडायला लागला, मग जास्त जमीन, जास्त लागवड, आणि वेचायला? वेचणी तर हातानेच. म्हणून जास्त गुलाम. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत साधारण ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख. माणसाचे कष्ट वाचवायला काढलेल्या यंत्राने गुलामगिरी मोडायच्या ऐवजी पक्की केली. मग १८६१ ला उत्तर-दक्षिण यादवी सुरू झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि गोऱ्या साहेबाला अचानक वऱ्हाड आणि खानदेश आठवला. मुंबईत कापसाचे भाव आभाळाला टेकले, पैसा इतका आला की शेअरबाजार वेडा झाला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपल्यावर सगळा फुगा फुटून भलेभले शेठ रस्त्यावर आले. म्हणजे आमच्या गावच्या शिवारातली पांढरी रांग त्याच धाग्याला जोडलेली आहे, ज्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी पाठीवर चाबूक होता. हे सगळं त्या एका दारूच्या जोकखाली आहे. मी डीव्हीडी पॉज करून बसलो होतो, भाऊ म्हणाला काय झालं रे, म्हटलं अरे आपलं जिनिंग.

हे काय शोमध्ये मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही, आणि न्यायाने बोलायचं तर बनवणाऱ्यांनी काळ्या माणसांना अगदीच वगळलं नाही. ग्रेग मॉरिस क्रिस्पस ॲटक्स झालाय, म्हणजे इंग्रज सैनिकांनी केलेल्या १७७० च्या बोस्टन गोळीबारात पहिला बळी गेलेला. त्या गोळीबाराला त्या वर्षी बरोबर २०० वर्षं झालेली. रॉस्को ली ब्राउन फ्रेडरिक डग्लस झालाय, गुलामगिरीतून पळून आलेला आणि पुढे तिच्याविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिलेला माणूस. ब्राउनचा आवाज असा की भांड्यात पाणी थरथरावं. थट्टेच्या पुरात ही दोन माणसं सरळ उभी राहतात. फक्त गोष्ट जोडलेली नाही एवढंच. डग्लस एका तुकड्यात आणि व्हिटनी दुसऱ्या तुकड्यात, आणि मध्ये गाणं. व्हरायटीची हीच तर सोय, दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे सांगायची जबाबदारी कुणावरच नसते. यादवी युद्धही असंच, रिक आणि डेव्हिड नेल्सन हे टीव्हीवर मोठे झालेले खरे सख्खे भाऊ, एकाला उत्तरेचा गणवेश आणि एकाला दक्षिणेचा. भाऊ भावाविरुद्ध लढला, वाईट झालं. कशावरून लढले हा प्रश्न त्या फ्रेममध्ये बसत नाही.

शेवटी 'गॉड ब्लेस अमेरिका'. एकामागून एक चेहरे आणि त्यात रुसलेला स्मदर्स पण. त्या गाण्याची गंमत अशी की ते लिहिणारा आयर्विंग बर्लिन रशियातून आलेल्या गरीब ज्यू घरातला, पाच वर्षांचा असताना न्यूयॉर्कला उतरलेला. गाणं त्याने १९१८ मध्ये लिहून ठेवून दिलं आणि वीस वर्षांनी, हिटलरच्या काळात, बाहेर काढलं. मला हा शेवट आवडला हे मान्य करतो. म्हणजे कळतंय की आपल्याला गुंडाळतायत, तरी शेवटच्या सुराला अंगावर काटा येतोच, आणि आपलं राष्ट्रगीतही नसताना. देशभक्तीपर कार्यक्रम बनवणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं.

हा प्रकार पुढे फार टिकला नाही. १९७१ मध्ये एड सलिव्हनचा २३ वर्षं चाललेला व्हरायटी शो बंद पडला, जाहिरातदारांना आता तरुण शहरी प्रेक्षक हवा होता. १९७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी सीबीएसने इतिहासाचे एकेक मिनिटाचे तुकडे दाखवले, रोज एक, दोन वर्षांच्या वर. आणि मग जानेवारी १९७७ मध्ये एबीसीवर सलग आठ रात्री 'रूट्स' लागली, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या कुंटा किंटेची आणि त्याच्या वंशाची गोष्ट, आणि निम्म्याहून जास्त अमेरिकेने तिचा काही ना काही भाग पाहिला. तिथं कापूस होता, चाबूक होता, लिलाव होता, मध्ये गाणं नव्हतं. वेनच्या पाहुण्यांच्या यादीत लेस्ली उगम्स नावाची एक गायिका होती, ती रूट्समध्ये कुंटाची मुलगी किझी झाली. आणि लिलावात कुंटाला विकत घेणारा जमीनदार म्हणून त्यांनी ज्याला घेतला तो लॉर्न ग्रीन होता, सात वर्षांपूर्वीचा जॉर्ज वॉशिंग्टन.